एक्केचाळीस जणींचा एक चेहरा

१

ड्रॉवर रिकामा होता.

म्हणजे अगदीच रिकामा नाही. एक सेफ्टी पिन होती, लेन्स पुसायचं पिवळं फडकं होतं आणि वाट चुकलेली एक मुंगी. पण जिथे काळी हार्ड डिस्क असायची, तिथे धुळीत तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

"नाही गे," सहानाअक्का म्हणाली. "नाही. नाही..." आणि ती मटकन फरशीवर बसली.

ऊर्मी दारात शंकरपाळ्यांचा डबा घेऊन तशीच उभी. आई आज पहाटेच पुण्याहून मावसबहिणीच्या मुलाचं लग्न आटपून आली होती आणि आल्या आल्या तिने ऊर्मीला डबा देऊन गच्चीवर पिटाळलं होतं. मद्रासमधल्या अंबत्तूरच्या त्या चार मजली इमारतीत ऊर्मीचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि सहानाअक्काचा स्टुडिओ गच्चीवरच्या एकुलत्या एका खोलीत. मिरजेहून इथे आल्यावर पहिले सहा महिने ऊर्मीने शाळेत तोंडातून शब्द काढला नव्हता. आता अकरावीतल्या ऊर्मीला गप्प करायला थेट मुख्याध्यापिकाच लागत! ह्या चमत्काराचं निम्मं श्रेय ह्या गच्चीला होतं. इथे तिला तिची भाषा बोलणारं माणूस भेटलं होतं. भाषा तीच, पण बरणीत तीनशे वर्षं मुरलेली. अक्काचे पूर्वज तंजावरला येऊन तेवढी वर्षं झाली होती. ती हिशोब तमिळमध्ये करायची, कामाचं इंग्रजीत बोलायची, पण जीव कासावीस झाला की तिच्या तोंडून ते जुनं मराठी यायचं.

आत्ता ती तेच बोलत होती.

"पांच वाजतां दाखवायचं आहे गे. मी त्यांस काय दाखवूं? हा ड्रॉवर?"

अक्का फोटो काढायची नाही, फोटो रचायची. कितीतरी माणसांचे फोटो घेऊन, एकावर एक लेयर चढवत, एकीचे डोळे, दुसरीची हनुवटी, तिसरीच्या कपाळावरची आठी असं जोडत ती एक नवाच चेहरा उभा करायची. फिल्टर नाही, मशीनची करामत नाही, महिनोन्‌महिने डोळे फोडून केलेलं काम. ह्या वेळी ती आठ महिने एन्नोरच्या खाडीकाठच्या कोळीवस्तीत जात होती. पाण्यात राख, हवेत धूर, जाळ्यात मासे नाहीत आणि छातीत खोकला, अशा एक्केचाळीस बायकांचे तिने फोटो घेतले. त्या सगळ्यांची मिळून एक बाई तयार झाली. निळ्या दारासमोर उभी, नाकात चमकी, दारावर रंगवलेला आकडा ४१, चेहऱ्यावर उजवीकडून ऊन आणि नजर अशी, की बघणाऱ्याने आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं समजून मान खाली घालावी.

शनिवारी एग्मोरच्या कलादालनात तिचं प्रदर्शन होतं. पहिल्या खोलीत ही एकटी, दुसऱ्या खोलीत त्या एक्केचाळीस जणींचे मूळ फोटो.

"दुसरी कॉपी?" ऊर्मीने विचारलं. विचारतानाच तिला उत्तर माहीत होतं.

"नाही. तीच तर त्यांची अट. आमची तोंडं नेटवर नकोत, चार ठिकाणीं नकोत. एकच डबी, तुझ्या हातीं. मी वचन दिल्हें." अक्काने गुडघ्यांत डोकं घातलं. "आतां सगळे म्हणतील मशीनने केलं. म्हणजे त्या बायका कोणी नाहीतच. त्यांचा खोकलाही खोटा."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

ऊर्मीने डबा खाली ठेवला. "अक्का, मी शोधते," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला कुठून सुरुवात करायची हेसुद्धा माहीत नाही.

२

सुरुवात झाली होती एका पत्रापासून.

मंगळवारी कलादालनाच्या निवड समितीला एक ईमेल आलं. खाली नाव नाही. "ही बाई अस्तित्वात नाही. हा चेहरा मशीनने बनवला आहे. मीही मशीनला चार ओळी लिहून दिल्या आणि पाच मिनिटांत हेच चित्र आलं. सोबत जोडलं आहे." समिती हादरली. त्यांनी अक्काला कळवलं, गुरुवारी पाचपर्यंत सगळे लेयर्स उघडून दाखवा, नाहीतर चित्र भिंतीवरून उतरवावं लागेल आणि का उतरवलं तेही जाहीर करावं लागेल.

अक्का तेव्हा हसली होती! बुधवारी सकाळी ऊर्मीच्या घरी येऊन, बाबांच्या हातचा बेचव चहा पीत म्हणाली होती, "एवढंच ना मामा? लेयर्स तर आहेत की माझ्यापाशीं." आणि बुधवारी दुपारी चार ते सहा ती फ्रेमवाल्याकडे गेली, तेवढ्यात कुणीतरी डिस्क नेली. कुलूप शाबूत. खिडकीचे गज शाबूत.

"जोडलेलं चित्र दाखव," ऊर्मी म्हणाली.

अक्काने लॅपटॉप पुढे सरकवला. तीच बाई, तेच निळं दार. फक्त कातडी जरा गुळगुळीत, साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी. आणि काहीतरी विचित्र. ऊर्मीने मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली.

"अक्का, हिचा चेहरा उलटवलाय! आरशात दिसतो तसा. डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे गेलाय."

"माझ्यावरूनच चोरलं आणि लपवायसाठीं उलटवलं. मी सांगितलं समितीला. ते म्हणाले, असेल, पण लेयर्स आणा."

"पण दार नाही उलटवलं. ४१ सरळच आहे." ऊर्मीने नखाने पडद्यावर टकटक केली. "लपवायचंच होतं तर एका बटणात सगळंच उलटलं असतं. दार तसंच ठेवून नुसता चेहरा कशाला उलटवायचा?"

हा काटा ऊर्मीच्या डोक्यात रुतून बसला.

मग किल्ल्या. त्या तीन होत्या. एक अक्काकडे. दुसरी दिव्यश्रीकडे, जी दोन वर्षं अक्काची मदतनीस होती आणि तीन आठवड्यांपूर्वी दार आपटून निघून गेली, किल्ली परत न देता. तिसरी ऊर्मीच्या घरी, दाराशेजारच्या खिळ्यावर.

ऊर्मी दोन-दोन पायऱ्या उतरत घरी गेली. खिळ्यावर बाबांचं पिवळं हेल्मेट नव्हतं, ते कपाटावर ठेवलेलं दिसलं, पण किल्ली जागच्या जागी होती. तिला हायसं वाटलं. तिने आपलं घर यादीतून खोडून टाकलं.

(ही तिची दिवसातली पहिली चूक.)

आई प्रवासाने दमून झोपली होती. बाबा, म्हणजे दत्तोपंत, त्याच एन्नोरच्या खाडीकाठी कोळशावर वीज करणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी, दोन दिवस तापाने घरीच होते. लुंगी, मफलर आणि समोर न उघडलेलं वर्तमानपत्र.

"बाबा, मी जाते!"

"एक दुरुस्ती," बाबा खाली बघूनच म्हणाले. "जाते नाही. येते म्हणावं."

हे त्यांचं नेहमीचंच. वाण्याच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत दत्तोपंतांना चूक दिसली आणि त्यांनी ती सोडली असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली वाकडी तसबीर ते यजमानांच्या देखत सरळ करत. गेल्या रविवारी अक्का चहाला आली होती आणि त्या एक्केचाळीस जणींतल्या मुत्तुमारी नावाच्या बाईची गंमत सांगत होती. "ती म्हणाली, मज ह्या फुटक्या तेलाच्या पाइपाशेजारींच उभी कर, इथेंच माझा जन्म गेला." तेव्हाही बाबा म्हणालेच होते, "एक दुरुस्ती. ती पाइप तेलाची नाही, राखेची."

"येते बाबा," ऊर्मी म्हणाली आणि धावली.

३

दिव्यश्री औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात लागली होती. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली, हातात लिंबूभाताचा डबा, नाकात लाल खड्याची चमकी, आणि चेहऱ्यावर असं काही, की ऊर्मी एक पाऊल मागेच सरकली.

"तिने पाठवलं तुला?" दिव्यश्री मराठी बोलत नसे. तिची तमिळ आणि ऊर्मीची तमिळ मध्ये कुठेतरी भेटत.

"नाही. मीच आले. अक्काची डिस्क गेलीय."

दिव्यश्रीचा घास हातातच राहिला. "कुठली डिस्क? एन्नोरची? अय्यय्यो!" आणि मग एकदम तिचे डोळे बारीक झाले. "आणि तू माझ्याकडे आलीस. अस्सं. किल्ली माझ्याकडे आहे म्हणून. ही घे तुझी किल्ली!" तिने पर्समधून किल्ली काढून ऊर्मीच्या हातावर आपटली.

"पण तू भांडून गेलीस ना?"

"भांडणारच! एक्केचाळीस बायकांना मी नावाने ओळखते. कुणाच्या मुलाला दमा, कुणाचा नवरा गुम्मिडिपूंडीला कामाला, सगळं मी लिहून घेतलं. आणि भिंतीवरच्या पाटीवर नाव एकटीचं! मी तिला तोंडावर सांगितलं, तू चोर आहेस. निनावी पत्र कशाला लिहू? मला माझं नाव हवंय, मा. निनावी पत्राने नाव मिळतं का?"

एवढं सरळ बोलणं तिने गुन्हेगाराकडून अपेक्षिलं नव्हतं. तिने फोनवर ते उलटं चित्र दाखवलं.

दिव्यश्रीने ते हातात घेतलं, जवळ नेलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "ही कोण?"

"तीच. आपली."

"ही आपली नाही. हिला बघून मला कुणाचीच आठवण येत नाही. ही बाहेरगावची कुणीतरी वाटते." तिने फोन परत दिला. पाठ फिरवता फिरवता ती थांबली. "ए, डिस्क मिळाली तर मला कळव. तिच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी."

बाहेरगावची. ऊर्मी बसथांब्यावर उभी राहून तो शब्द चघळत राहिली. चेहरा तोच, नुसता उलटा. मग दिव्यश्रीला तो परका का वाटला?

एक वाजून दहा मिनिटं. आणि यादीत उरला होता एकच माणूस.

४

तो माणूस म्हणजे जयतीर्थ. विल्लिवाक्कममध्ये लग्नाच्या अल्बमचा स्टुडिओ, अक्काच्याच समाजातला, एकेकाळी तिचा भागीदार. त्याचंही चित्र ह्याच प्रदर्शनात होतं. अक्काचं उतरलं असतं तर पहिल्या खोलीतली ती मोठी भिंत त्याला मिळाली असती. शिवाय बुधवारी सकाळी तो लाइटचा स्टँड मागायला गच्चीवर येऊन गेला होता.

"ये ये, पोलीसखातें आलें," तो म्हणाला. दिव्यश्रीने त्याला फोन केला असणार. समोरच्या पडद्यावर नवरीच्या गळ्यात तो एक हार जास्तीचा चढवत होता. "माझ्या खिशांत डिस्क आहे कां पाहून घे. पँटीच्या पहा, शर्टाच्या पहा."

"भिंत तुम्हांला मिळेल ना?"

"मिळेल की. मज हवीही आहे. खोटें कशास बोलूं? सहाना पडली तर मी दोन दिवस मिठाई वाटीन." तो खुर्चीतून वळला. "पण पडावी तर माझ्या चित्रापुढें पडावी गे. असल्या पत्रानें नव्हे. दाखीव तें चित्र."

त्याने ते आपल्या मोठ्या पडद्यावर घेतलं आणि दोन सेकंदांत फस्सकन हसला.

"अय्यो राम. पाहा. चेहऱ्यावर ऊन कोणीकडून?"

ऊर्मीने पाहिलं. "डावीकडून."

"आणि दाराच्या कडीची सावली?"

सावलीही डावीकडेच पडली होती. म्हणजे दारावर ऊन उजवीकडून! एकाच बाईसमोर दोन सूर्य.

"चेहरा उलटवला तेव्हां ऊनही उलटलें. ज्यानें केलें त्यास तें दिसलेंच नाही. मी वीस वर्षें लग्नें लावतोंय. न आलेल्या काकांस मांडवांत उभें करितों, त्यांची सावलीसुद्धां पाडितों. हें काम माझें असतें तर तुझ्या अक्काच्या बापास कळलें नसतें. हें कोणा हौशी माणसानें फोनवर बोटानें केलें आहे." त्याने खुर्ची परत नवरीकडे वळवली. "आणि एक सांगतों. ह्यानें लपविण्यासाठीं उलटविलें नाही. हा नीट करूं गेला आहे. मज रोज असलीं माणसें भेटतात. फोटो बरा असतो, पण त्यांस वाटतें कांहींतरी चुकलें, आणि नीट करून करून त्याची वाट लावितात."

नीट करू गेला आहे.

ते शब्द मनाशी म्हणतच ऊर्मी बसमध्ये चढली.

५

घरी पोचली तेव्हा अडीच वाजले होते. अक्काचा फोन येऊन गेला होता. ती आत्ताच एग्मोरला निघाली होती, रिकाम्या हाताने. "पाय धरतें त्यांचे. आणखी काय करूं?" एवढं बोलून तिने फोन ठेवला होता.

आई उठली होती. बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून, प्रवासात सैल झालेली चमकी घट्ट करत होती.

"काय गं, तोंड का एवढं उतरलंय?"

ऊर्मी आईच्या मागे आरशात बघत राहिली. आरशातल्या आईची चमकी उजव्या नाकपुडीत दिसत होती. आई वळली. चमकी डावीकडे.

आणि वर्षभरापूर्वीचा एक दिवस जसाच्या तसा ऊर्मीसमोर उभा राहिला.

गच्चीवरची तिची पहिलीच फेरी. भिंतीवर अक्काच्या आजीचा फोटो. ऊर्मी मोठ्या शहाणपणाने म्हणाली होती, "अक्का, हा फोटो उलटा छापलाय. चमकी बघ ना, उजव्या नाकपुडीत आलीय!" अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. "वेडे, इकडे बायका उजवीकडेच घालतात. आम्हीही इकडच्या होऊन गेलों." मग रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात ऊर्मीने बघितलं तर खरंच! पाट्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या, फुलवाल्या, शाळेतल्या मावशी, सगळ्या उजवीकडे. तिला इतकी लाज वाटली, की तिने ही फजिती घरी कधी सांगितलीच नाही.

घरी कधी सांगितलीच नाही.

चित्रातल्या बाईची चमकी उजवीकडे होती. चेहरा उलटवल्यावर ती डावीकडे गेली. म्हणून तर दिव्यश्रीला ती बाहेरगावची वाटली! ज्याने उलटवली त्याला ती चूक वाटली होती, फोनच्या कॅमेऱ्याने आरशासारखा उलटा काढलेला चेहरा वाटला होता. दारावरचा आकडा सरळ होता, म्हणून त्याने दाराला हात लावला नाही. चेहरा तेवढा नीट केला. दिव्यश्रीने हे केलं नसतं, जयतीर्थने केलं नसतं, मद्रासेत वाढलेल्या कुणीही केलं नसतं. हे फक्त तिकडून आलेलं माणूस करेल. आपल्याकडचं.

आणि प्रदर्शन अजून उघडायचं होतं, ते चित्र बाहेर कुणी बघितलेलं नव्हतं. आपल्याकडच्या कुणी बघितलं होतं? ऊर्मीने पंधरा दिवसांपूर्वी फुशारकीने ते 'घर' नावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. "अक्काने मला सगळ्यांच्या आधी दिलं! कुणाला पाठवू नका!!" ग्रुपवर माणसं तीन. आई, जी सोमवारपासून पुण्यात होती. ऊर्मी स्वतः.

"आई," ऊर्मी म्हणाली. "बाबा कुठे आहेत?"

"आत. मी आल्यापासून बघतेय, ताप बिप काही नाही त्यांना. अंग गार आहे. नुसते भिंतीकडे बघत बसलेत."

६

ऊर्मीने दार लोटून घेतलं.

"बाबा, आईची चमकी कुठल्या बाजूला आहे?"

"हे काय आता?"

"सांगा ना."

"डावीकडे. बायकांची डावीकडेच असते."

"इथे नसते."

बाबांनी मान वर केली. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, एकदा, दोनदा, तीनदा.

"इथे उजवीकडे घालतात," ऊर्मी म्हणाली. "मलाही माहीत नव्हतं. मी तुम्हांला सांगायला हवं होतं."

दत्तोपंत उठले. कपाटावरचं पिवळं हेल्मेट त्यांनी दोन्ही हातांनी खाली काढलं, भरलेलं पातेलं उतरवावं तसं. आत रुमालात गुंडाळलेली काळी डिस्क होती.

"मला चोरी करायची नव्हती," ते म्हणाले. "पत्राने भागेल असं वाटलं. चित्र उतरलं की दुसरी खोलीही लागणार नाही. पण ती बुधवारी येऊन म्हणाली, लेयर्स आहेत..."

"मुत्तुमारी. राखेची पाइप."

"चौदा मार्चचा फोटो आहे तो. पाइप फुटलीय, राख खाडीत जातेय, स्वच्छ दिसतं. आणि त्याच आठवड्यात, गळती नाही, पाइप शाबूत आहे, असं लिहून दिलंय. सही माझी." त्यांनी सही हवेतच केल्यासारखी बोटं हलवली. "साहेब म्हणाले, करून टाका, कोण बघतंय. बावीस वर्षांत मी एक स्वल्पविराम खोटा घातला नाही गं. एकदाच."

ऊर्मीला खूप ओरडायचं होतं. पण समोर ओरडण्याजोगं कुणी नव्हतंच. लुंगीतला एक माणूस होता, ते पिवळं हेल्मेट पोटाशी धरून.

"मी काल पुसायला बसलो होतो," बाबा म्हणाले. "तो सतरा नंबरचा उघडला. ती बाई सरळ माझ्याकडे बघते. हात चालला नाही. ऊर्मे, तू पूस. तेवढा एकच. बाकीचे चाळीस राहतील ना? सहानाचंही काम होईल, कुणाला काही कळणार नाही. माझी नोकरी गेली तर तुझी शाळा, हे घर... परत मिरजेला कुठल्या तोंडाने जायचं?"

तीन वाजून वीस मिनिटं.

आणि खरं सांगायचं तर ऊर्मीला मोह झाला. चांगलाच झाला. एक बोट, एक बटण. अक्का वाचेल, बाबा वाचतील. शाळा, मैत्रिणी, इतक्या मेहनतीने कमावलेला आवाज, सगळं वाचेल. तिने लॅपटॉप उघडला, डिस्क जोडली. एक्केचाळीस लेयर्स एकाखाली एक उभे राहिले, प्रत्येकापुढे दिव्यश्रीने लिहिलेलं नाव. ती सतराव्यावर आली. पुसायच्या आधी तिने तो नुसता बंद करून बघितला.

बाईचं नाक गेलं.

डोळे होते, ओठ होते, तीळ होता. मधोमध एक भोक पडलं होतं आणि त्यातून मागचं निळं दार दिसत होतं.

"नाक तिचं आहे, बाबा," ऊर्मी म्हणाली. तिला रडू फुटलं. "तुम्ही उलटवलीत ना, ती चमकी मुत्तुमारीची आहे. हिला काढून मी काय दाखवू? तुम्ही पुसा. मला नाही येत."

त्या भोकाकडे बघत बाबांनी मफलर काढला, घडी घातली, घडीच्या कडा जुळवल्या आणि ती उशीवर ठेवली.

"स्कूटरची किल्ली आण," ते म्हणाले.

७

पाडीच्या पुलाखाली वीस मिनिटं अडकले, किलपॉकला सिग्नल बंद. ऊर्मी दप्तर पोटाशी धरून मागे बसली होती. बाबा आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या चुकीच्या बाजूने गेले. पाचला सहा मिनिटं कमी असताना ते कलादालनाच्या पायऱ्या चढत होते.

आत समितीचे तिघं, दोन पुरुष आणि एक पिकल्या केसांची बाई, उठायच्याच तयारीत होते. भिंतीवर ती होती, मोठी, निळ्या दारासमोर, चमकी उजवीकडे. तिच्याखाली अक्का जमिनीवर बसलेली, पदराचा बोळा तोंडाशी.

ऊर्मीने डिस्क तिच्या मांडीवर ठेवली.

अक्काने आधी डिस्ककडे बघितलं, मग ऊर्मीकडे. "कोठें मिळाली गे?"

"मी सांगतो," बाबा म्हणाले. "आधी हे होऊ दे."

पडद्यावर लेयर्स उघडायला लागले. एक. कपाळ. दोन. डावी भुवई. मूळ फोटो, त्यातली बाई, तिचं अंगण, तिचं जाळं, मग तिचा तो एवढासा तुकडा. पाच. नऊ. अक्काचा आवाज प्रत्येक नावाबरोबर परत येत होता. बारा. पंधरा. ऊर्मीने बाबांच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ती फक्त तिकडेच बघत होती.

सोळा.

"पुरे, मॅडम," पिकल्या केसांची बाई म्हणाली. तिने चष्मा काढून डोळे पुसले. "आमची खात्री पटली. आम्हांला माफ करा. चित्र राहील. पुढचे बघायची काही गरज नाही."

दुसऱ्याने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. अक्का हुंदके देत हसत होती. सगळं आटपलं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. दुसऱ्या खोलीत एक्केचाळीस फोटो लागतील, त्यातल्या एका बाईमागची पाइप कोण निरखून बघणार, तारीख कोण जुळवणार? ऊर्मीला एवढंच दिसलं, की बाबांनाही हे कळलंय. त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनी मोठा श्वास घेतला. भिंतीवरचं चित्र एका बाजूला केसभर कललं होतं, त्यांचा हात सवयीने तिकडे उचलला गेला, आणि अर्ध्यात थांबला.

तो हात त्यांनी तसाच वर ठेवला. वर्गात मुलं ठेवतात तसा.

"एक दुरुस्ती आहे," बाबा म्हणाले. "सतरावा उघडा."